माळ रिकामा नसतो

पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळ लागतो. एप्रिल-मेमध्ये त्याच्याकडे बघवत नाही. मुरमाड जमीन, वाळून पांढरं पडलेलं गवत, मध्येच एखादी बोर नाहीतर हिवर. गाडीतलं कुणीतरी म्हणतंच, "इथे काहीच नाही." सरकारी दप्तरातही या जमिनीची नावं तशीच आहेत : पडीक, पोटखराबा, लागवडीस अयोग्य. देशातल्या पडीक जमिनींचा जो अधिकृत नकाशासंग्रह निघतो, त्यातही झुडपी माळरानं 'पडीक' याच सदरात जातात.

परिसंस्था म्हणजे काय, ती चालते कशी, हे सांगायला बहुतेक पुस्तकं जंगल घेतात नाहीतर तळं. मी मुद्दाम हा माळ घेतो आहे. एक तर इथला सगळा कारभार गुडघ्याएवढ्या उंचीवर चालतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आणि दुसरं म्हणजे, जंगलात हिरवेपणालाच निसर्ग समजण्याची चूक आपल्या हातून होते. माळावर ती सवय मोडावी लागते.

जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यानं १८६६ मध्ये सजीवांच्या परस्परसंबंधांच्या अभ्यासाला नाव दिलं, ते 'घर' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. घरातली माणसं मोजली म्हणजे घर कळत नाही. कोण कमावतं, कोण खातं, चूल कशावर पेटते, उष्टं-खरकटं कुठे जातं, हे कळलं तर घर कळतं. पुढे १९३५ मध्ये आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यात महत्त्वाची भर घातली. सजीव एकीकडे आणि ऊन, पाऊस, माती, दगड दुसरीकडे अशी वाटणी करून निसर्ग समजणार नाही, दोन्ही मिळून एकच व्यवस्था असते, असं त्यानं मांडलं. तीच परिसंस्था. म्हणजे माळावरचा मुरूम ही त्या नाटकाची रंगभूमी नव्हे. तोही त्यातलं एक पात्र आहे. तो पाणी धरत नाही म्हणून इथे मोठी झाडं दाटीनं उभी राहत नाहीत, आणि झाडं दाटी करत नाहीत म्हणून गवताला ऊन मिळतं.

गवतापासूनच सुरुवात करू, कारण या घरातलं कमावतं माणूस तेच.

मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी ही माळावरची नेहमीची गवतं. पहिला पाऊस झाला की आठवडाभरात मेलेल्या वाटणाऱ्या ठोंबांतून हिरवे कोंब निघतात. ते येतात मुळांत साठवलेल्या शिदोरीवर. पाऊस सरला, की गवत पात्यांतला बराच कस परत मुळांकडे ओढून घेतं आणि वर वाळका सांगाडा ठेवतं. उन्हाळ्यात दिसतो तो हा सांगाडा. गवत मेलेलं नसतं, जमिनीखाली गेलेलं असतं. माळाची बरीचशी संपत्ती अशी जमिनीखाली असते. म्हणूनच वरून वणवा गेला किंवा गुरं चरून गेली, तरी माळ उठून उभा राहतो. गवताचा वाढीचा अंकुर पात्याच्या टोकाला नसतो, बुडाशी, मातीलगत असतो. शेंडा खाल्ला तर झाडाचं रोप खुंटतं. गवताला त्याचं फारसं काही वाटत नाही.

या गवतांची अन्न तयार करण्याची रीतही कोरड्या मुलखाला साजेशी आहे. पानांची छिद्रं उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण पाणी बाहेर जातं. इथली गवतं आधी हा वायू पानातच एका ठिकाणी एकवटून घेतात आणि मग वापरतात. त्यामुळे छिद्रं फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत आणि थोड्या पाण्यात काम भागतं. ज्वारी, बाजरी आणि ऊस हीदेखील याच रीतीची गवतं आहेत. आपली भाकरी माळाच्या भाऊबंदांकडूनच आली आहे.

कुसळीचं बी मात्र हातात घेऊनच पाहायला हवं. धोतराला, सॉक्सला, मेंढीच्या लोकरीला चिकटणारं ते कुसळ ज्यानं एकदा तरी उपसून काढलं आहे, त्याला ते विसरता येत नाही. त्याचं टोक सुईसारखं अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले केस आणि पाठीमागे एक लांब, पीळ घातलेली काडी. तळहातावर ठेवून तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाका. काडी वळवळायला लागते, पीळ उलगडतो. वाळली की पुन्हा पीळ भरतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या बळावर ही काडी फिरत राहते आणि बी गिरमिटासारखं मातीत घुसवते. मागे वळलेले केस ते परत बाहेर येऊ देत नाहीत. मुरमासारख्या कठीण जमिनीत बी पेरण्याची ही सोय. शेळ्या-मेंढ्यांच्या अंगावरून हेच बी दूरवर जातं. कुसळीला जमीनही लागते, हवेतली ओलही लागते आणि मेंढीही लागते. टॅन्सलीचं म्हणणं याहून सोप्या उदाहरणानं मला तरी सांगता येणार नाही.

आता खाणारे पाहू. सप्टेंबरमध्ये माळावर पाऊल टाकलं की पायापासून नाकतोडे उडतात. दर पावलाला पाच-दहा. ते गवत खातात आणि त्यांना खायला सरडे, चंडोल, धाविक, खोकड सगळे टपलेले असतात. थंडी सुरू झाली की मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी इथे येतात, दिवसभर गवतावरून तरंगत नाकतोडे आणि लहान पक्षी टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. ससा, चिंकारा, काळवीट हेही गवत-झुडपांवर जगणारे. त्यांच्यावर लांडगा. शाळेत शिकलेली अन्नसाखळी ती हीच. प्रत्यक्षात मात्र साखळी कुठेच दिसत नाही, दिसतं ते जाळं. खोकड नाकतोडा खातं, उंदीर खातं आणि बोरंही खातं. मग ते साखळीच्या नेमक्या कोणत्या कडीत बसवायचं?

या जाळ्यात एक प्रश्न फार दिवस अनुत्तरित होता. नाकतोडे लाखांनी, चंडोल शेकड्यांनी आणि लांडगे बोटांवर मोजण्याइतकेच, असं का? चार्ल्स एल्टन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये संख्यांचा हा मनोरा नीट मांडला, पण त्यामागचं कारण स्पष्ट व्हायला १९४२ उजाडावं लागलं. रेमंड लिंडमन हा अमेरिकी तरुण मिनेसोटातल्या एका लहानशा दलदली तळ्याचा अभ्यास करत होता. कोण कुणाला खातं यापेक्षा ऊर्जा कुठून कुठे किती जाते हे त्यानं मोजलं. दर पायरीवर बहुतेक ऊर्जा खर्ची पडते, वरच्या पायरीला थोडीच पोचते, असं त्याला आढळलं. हे मांडणारा त्याचा निबंध छापून आला, तेव्हा लिंडमन जिवंत नव्हता. वयाची सत्तावीस वर्षं पुरी होण्याआधीच आजारपणात तो गेला. परिसंस्थाशास्त्राची पुढची सगळी इमारत त्याच्या त्या एका निबंधावर उभी आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

ढोबळ मानानं दहा टक्के धरतात. म्हणजे गवतातली १००० भाग ऊर्जा खाणाऱ्यांच्या अंगी लागते तेव्हा १०० भाग उरते, त्यांना खाणाऱ्यांच्या अंगी १० आणि त्यांच्याही वर १. हा आकडा दगडावरची रेघ नव्हे, तो खालीवर होतो, आणि का होतो तेही समजून घेण्यासारखं आहे. चिंकारा उष्ण रक्ताचा प्राणी. खाल्लेल्यातला फार मोठा वाटा तो नुसतं अंग गरम ठेवण्यात आणि धावपळीत जाळतो. नाकतोड्याला अंग गरम ठेवायचं नसतं, ते काम ऊन फुकटात करतं. म्हणून खाल्लेल्या गवतातला बराच जास्त हिस्सा तो अंगात साठवतो. गवताचं मांस करण्याच्या कामात नाकतोडा हरणापेक्षा कितीतरी सरस आहे. माळावर इतके पक्षी पोसले जातात ते त्याच्याच जिवावर. शेजारच्या शेतात कीटकनाशकाची फवारणी वाढली की माळावरचे पक्षी का कमी होतात, हे यावरून ध्यानात येईल.

लांडग्याचं गणितही यातच आलं. मनोऱ्याच्या टोकावर बसणाऱ्याला पायाशी फार मोठी जमीन लागते. लांडग्यांच्या एका टोळीचा वावर शंभराहून अधिक चौरस किलोमीटरवर असतो. सुप्याजवळचं चिंकाऱ्यांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य साधारण पाच चौरस किलोमीटरचं, तर कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य दोनच्या थोडं वर. ती असायलाच हवीत, पण लांडगा त्यांत मावत नाही. तो गायरानांत, मेंढपाळांच्या वाटांवर, उसाच्या कडेला, म्हणजे आपल्या 'पडीक' जमिनीवर जगतो.

मेंढपाळाचं आणि त्याचं नातंही साधं नाही. लांडगा कोकरू उचलतो, आणि ज्याचं कोकरू गेलं त्याचं नुकसान खरंच असतं. तरीही "त्याचा वाटा असतोच" असं म्हणणारे म्हातारे धनगर मला भेटले आहेत. राग त्यांनाही येतो. पण लांडग्याशिवायचा माळ त्यांनी कधी पाहिलेला नाही, म्हणून तशी कल्पनाही ते करत नाहीत.

आतापर्यंत ऊर्जेचं झालं. ऊर्जा एका बाजूनं येते आणि उष्णता होऊन निघून जाते. ती रोज नवी लागते, आणि सूर्य ती देतो. नायट्रोजन, फॉस्फरस, कॅल्शियम यांचं तसं नाही. ते रोज आकाशातून बरसत नाहीत. आहे तेच फिरवून वापरावं लागतं. हे फिरवणारे विघटक या घरातलं सर्वांत मोठं काम करतात आणि पाठ्यपुस्तकात त्यांना सर्वांत कमी जागा मिळते.

पावसाळ्यात माळावर पडलेल्या ताज्या शेणाजवळ अर्धा तास बसून राहा. काही मिनिटांत माश्या येतात. पाठोपाठ शेणकिडे. त्यांतले काही शेणाचा गोळा वळून मागच्या पायांनी ढकलत नेतात, काही शेणाखालीच सरळ बोगदा खणून ते आत उतरवतात, काही तिथेच आत राहून खातात. शेण जमिनीत पुरलं जातं, बोगद्यांतून पाणी मुरतं, माशीच्या अळ्यांना खायला उरत नाही. हे किडे नसतील तर काय होतं, याचा पडताळा ऑस्ट्रेलियानं घेतला आहे. १७८८ पासून तिथे युरोपीय लोकांनी गाईगुरं नेली. तिथले मूळचे शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले, गाईच्या पातळ शेणाला ते पुरे पडेनात. पोह न्‌ पोह तसेच वाळून पडायचे, खालचं गवत मरायचं आणि माश्यांचा सुळसुळाट व्हायचा. शेवटी १९६० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी आफ्रिका आणि युरोपातून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. आपल्याला ही चाकरी फुकट मिळते, म्हणून दिसत नाही.

उन्हाळ्यात ओल नसते, शेणकिडे थंडावतात. तेव्हा पाळी वाळवीची. एखादी रानशेणी उचलून उलटी करा. खाली मातीचा ओलसर लेप आणि त्यात पांढुरकी वाळवी दिसेल. वाळकं गवत आणि काटक्याही ती अशाच मातीच्या पांघरुणाखाली नेते. वारूळ करणाऱ्या आपल्याकडच्या वाळवीला लाकूड-गवत नीट पचत नाही, म्हणून ती वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते. काडीकचरा चावून त्याचे मधाच्या पोळ्यासारखे थर रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि ती खाते. पावसाळ्यात वारुळाच्या आसपास उगवणारी, लोक हौसेनं शोधून आणतात ती अळंबी या शेतीचंच फळ. नागपंचमीला पुजलं जाणारं वारूळ नागानं बांधलेलं नसतं. ते वाळवीचं, नाग नंतरचा भाडेकरू.

मोठं जनावर मेलं तर त्याची विल्हेवाट गिधाडं लावत. तासाभरात सांगाडा मोकळा होई. १९९० च्या दशकात गिधाडं झपाट्यानं दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर पंधराएक वर्षांत शंभरातली नव्याण्णवहून अधिक संपली. गुरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर मेलेली जनावरं कुत्र्यांच्या वाट्याला आली होती आणि कुत्री वाढली होती. गोठ्यात टोचलेल्या एका सुईचा परिणाम कुठवर गेला पाहा.

कुत्र्यांची गोष्ट इथे संपत नाही. गेल्या काही वर्षांत माळाच्या कडेनं कोंबड्यांच्या शेड उभ्या राहिल्या. मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून माळावर टाकल्या जातात. लिंडमनच्या हिशेबात पाहिलं तर ही बाहेरून आलेली ऊर्जा आहे, इथल्या गवतानं न कमावलेली. तिच्यावर माळाला पेलतील त्याहून कितीतरी जास्त कुत्री पोसली जातात. ती चिंकाऱ्यांची पाडसं मारतात, लांडग्यांना रोग देतात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्धही झालं आहे. मनोऱ्याचा पाया तेवढाच ठेवून वरच्या मजल्यावर गर्दी केली, की हे असं होतं.

या सगळ्या फिरवाफिरवीत माणूसही फार जुना आहे. दिवाळीनंतर मेंढरांचे खांडवे घेऊन निघणारे धनगर वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची, मेंढरं आत घ्यायची, सकाळी उठवून पुढच्या रानात. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो, पैसे देतो. दिवसा माळावर खाल्लेलं गवत रात्री लेंडी आणि मूत होऊन ज्वारीच्या रानात पडतं. माळावरचा नायट्रोजन असा चार पायांनी चालत शेतात जातो. ज्याला आपण पडीक म्हणतो तो माळ अशा रीतीनं पिकाऊ जमिनीला पोसत आला आहे. खताच्या पोत्यावर किंमत छापलेली असते, लेंडीखतावर नसते, एवढाच फरक.

मग या जमिनीला पडीक म्हणायला लागलो कुठून? याचं एक मूळ विज्ञानातच आहे. १९१६ मध्ये फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं अनुक्रमणाचा सिद्धांत मांडला. उघड्या जमिनीवर आधी लहान वनस्पती, मग गवत, मग झुडपं असं होत होत शेवटी त्या हवामानाला योग्य असं स्थिर वन येतं, असा तो विचार. पडून राहिलेल्या शेतात हे खरोखर घडताना दिसतं. पण त्यावरून असा समज रूढ झाला, की जिथे गवत आहे तिथे खरं तर जंगल असायला हवं होतं, माणसानं तोडलं म्हणून ते नाही. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण या अभ्यासकांनी भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी प्रसिद्ध वर्गवारी केली, तिच्या मुळाशीही हीच धारणा होती. त्यांचं गवतांचं काम आजही मोलाचं आहे. त्यामागचा निष्कर्ष मात्र आता टिकत नाही. ऊन, कमी-जास्त होणारा पाऊस, उथळ जमीन, चराई आणि अधूनमधून लागणारी आग यांच्या खेळात माळ हा माळच राहतो, हीच त्याची पूर्ण वाढ. अलीकडे संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले आणि लोककथांमधले वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांतल्या बहुतेक वनस्पती काटेरी, उघड्या माळावरच्याच निघाल्या. पश्चिम महाराष्ट्रातला हा मुलूख किमान साडेसातशे वर्षं असाच आहे.

हा वाद पुस्तकी नाही. जंगल 'परत आणायचं' म्हणून माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. सावलीत मारवेल टिकत नाही. गवत गेलं की नाकतोडे जातात, आणि ज्या पक्ष्यांना दूरवर उघडं दिसल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही ते तर आधीच जातात. माळढोक हा असाच पक्षी. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत, घरटं उघड्या जमिनीवर आणि अंडं बहुधा एकच. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात नान्नजचं अभयारण्य जाहीर झालं, कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, शहरंसुद्धा आली. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, पक्ष्याबद्दल राग साठला, आणि पुढे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. दरम्यान कालवे आले, माळांवर ऊस उभा राहिला, विजेच्या तारा आल्या. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत, बहुतेक सगळे जैसलमेरच्या बाजूला.

दर पावसाळ्यात शाळा, कंपन्या, मंडळं माळांवर खड्डे खणायला निघतात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. झाडं गावठाणात लावा, रस्त्याच्या कडेला लावा, बांधावर, ओढ्याकाठी, जिथली तोडली आहेत तिथे लावा. माळावर लावायला जाण्याआधी एकदा सप्टेंबरात त्या माळावर नुसते जा, सकाळी सातच्या आत, तासभर बसा आणि काय काय दिसतं ते लिहून काढा. त्यानंतर तिथे खड्डा घ्यायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा.